मामाचा आवाज यादीत बसेना

मी टीव्हीवर चालणारी ॲप बनवते. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी काहीतरी मोठं करते. तसं काही नाही. कुणाची भजनमंडळी असते, कुणाचे शिकवणीचे वर्ग असतात. त्यांना आपले व्हिडिओ लोकांच्या घरच्या टीव्हीवर दिसायला हवे असतात. मी त्यांच्यासाठी लहानसं ॲप तयार करते आणि टीव्हीवाल्या कंपनीकडं पाठवते. कंपनी ते तपासते, पास करते, मग ते तिच्या दुकानात दिसायला लागतं. पुण्यात नोकरी करून कंटाळले, भंडाऱ्याला आईकडं परत आले आणि घरातल्या मागच्या खोलीत हे काम मांडलं.

तपासणीचे नियम मला तोंडपाठ होते. प्रत्येक व्हिडिओबरोबर तो कुठल्या देशात झाला, कुणी केला, मूळ भाषा कोणती आणि ऐकू येणारी भाषा कोणती, हे सांगावं लागतं. भाषा आपल्या मनानं लिहायची सोय नाही. यादीतून निवडायची. शेवटी 'इतर' असा पर्याय असतो, पण तो घेतला तर ॲप दुकानाच्या फळीवर येतच नाही. ज्याच्याकडं त्याचा पत्ता आहे त्यानंच तो टाइप करून ते उघडायचं. या यादीत मला कधी काही खटकलं नव्हतं. माझी भाषा मराठी, आणि मराठी यादीत होती.

आईचं माहेर आंबागडचं. तिथं मामा धान लावतो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामाला जातो आणि दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की दंडारीत उभा राहतो. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्याचं नाटक. त्याला पडदा नसतो की मंच नसतो. लोक गोल बसतात आणि मधे खेळ चालतो. मामा बाईचं काम करतो. तरुणपणी नवरीचं करायचा, आता आईचं करतो. त्यांच्या एका खेळात एका बाईची पोरगी बोडीत बुडून मरते. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. ती बाई बोडीच्या काठावर उभी राहून पाण्याशी भांडते.

"दे वं मले माही पोरगी. येवढं पानी मावते तुह्या पोटात, मंग माही पोरगी कायले पायजे तुले?"

एवढंच. मग ढोलकी थांबते आणि मामा हात पुढं करून नुसता उभा राहतो. लुगडं नेसलेला, मिशी काढलेला, उन्हानं रापलेला माणूस, पण त्या वेळी तो मामा वाटत नाही. गोलात बसलेल्या बाया पदर तोंडाला लावतात. मी लहानपणापासून हे बघत आलेय आणि दर वेळी मला माझ्या आईचा हात धरावासा वाटतो.

परत आल्यावरच्या पहिल्या मंडईत मी हा खेळ शूट केला. तुमसरहून भाड्यानं माईक आणले, मैत्रिणीला कॅमेऱ्यामागं उभं केलं. दुपारचं लख्ख ऊन होतं, मागं जिलेबीची दुकानं, पाळण्याचा किर्रकिर्र आवाज. तरी मामाचा आवाज स्वच्छ आला. खेळ संपल्यावर मी मामाच्या घरी ओसरीवर बसले आणि सगळ्या मंडळींसमोर सांगून टाकलं, "मामा, तुमची दंडार आता टीव्हीवर येणार. कुणालाही घरी बसून बघता येईल."

"खरंच का माय?" मामा म्हणाला. तो मला लहानपणापासून माय म्हणतो. आमच्याकडं मोठी माणसं पोरींना अशीच हाक मारतात.

"खरंच."

म्हातारा ढोलकीवाला म्हणाला, "मंग नाव येईन का आमचं?"

"सगळं येईल."

आमच्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. मी निघाले तेव्हा मामा नेहमीसारखा वाकला. त्या दिवशी जरा जास्त वेळ वाकला असं मला वाटलं आणि मला बरंही वाटलं. मी काहीतरी देतेय असं वाटलं.

घरी येऊन ॲप तयार केलं. देश भारत. कुणी केलं, या रकान्यापाशी थांबले. तिथं कंपनी किंवा संस्था लागते आणि तिची कागदपत्रं जोडावी लागतात. दंडारमंडळाकडं कुठले कागद? खेळ लिहिला कुणी, हेही कुणाला माहीत नाही. मामा म्हणतो, त्याच्या बापाच्या वेळीही तो असाच होता. गावाचं नाव लिहायला जागाच नव्हती. मी माझ्या फर्मचं नाव टाकलं आणि पुढं गेले. भाषा मराठी निवडली. पाठवलं.

परत आलं. ऐकू येणारी भाषा आणि सांगितलेली भाषा जुळत नाही, असा शेरा होता. हे यंत्र तपासतं, माणूस नाही, म्हणून मी घाबरले नाही. पाळण्याचा आवाज कमी केला आणि पुन्हा पाठवलं. तोच शेरा. मग मी तक्रार केली. हा माणूस मराठीच बोलतोय, पूर्व विदर्भात असंच बोलतात, मी स्वतः इथलीच आहे, असं बरंच काही इंग्रजीत लिहिलं. उत्तर सभ्य होतं. यादीतल्या भाषेचं प्रमाण रूप ऐकू आलं तरच ती भाषा मानली जाईल, नाहीतर 'इतर' निवडावं.

'इतर' निवडलं तर टीव्ही उघडून कुणाला काही दिसणार नव्हतं, आणि मी ओसरीवर शब्द देऊन बसले होते. आंबागडहून फोन यायचे. मामा स्वतः विचारायचा नाही, मामीला विचारायला लावायचा. मी म्हणायचे, "काम चालू आहे." मला त्या यंत्राचा राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला मामाच्या बोलण्याचाच अडथळा वाटायला लागला होता. पुण्यात पहिल्या नोकरीत मी चुकून 'मले' म्हणाले होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी गोड हसून म्हणाली होती, "किती क्यूट!" त्यानंतर मी पुण्यात कधी 'मले' म्हटलं नाही. मला जे जमलं ते मामालाही जमेल, असं मी धरून चालले.

मी त्याला भंडाऱ्याला बोलावलं. फक्त आवाज पुन्हा घ्यायचा, चित्र तेच ठेवायचं, असं सांगितलं. मामा एसटीनं आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पिशवीत आईसाठी घरच्या तांदळाचे पोहे. मागच्या खोलीत मी खिडकीला गादी लावली होती आणि माईक उभा केला होता. समोर मोठ्या अक्षरांत वाक्य लिहून ठेवलं होतं.

"मामा, इथं 'मले' नाही म्हणायचं. 'मला'."

"मला."

"'पानी' नाही. पाणी. ण."

"पाणी." त्याचा ण जिभेवर चढताना दिसायचा आणि मधेच घसरायचा. "पानी. पा... पाणी."

"छान. आता सलग. मला माझी मुलगी दे."

मामा थांबला. "मुलगी कोनाची माय?"

"म्हणजे पोरगी. प्रमाण भाषेत मुलगी म्हणतात."

"ते मले समजते. पन बोडीत बुडाली ते पोरगी व्हय न माही. मुलगी मनलं का दुसऱ्याची वाटते."

"मामा, मशीनला समजायला हवं ना."

त्यानं मान डोलावली. पुन्हा उभा राहिला. मंडईत त्याचे हात आधी बोलायचे, आवाज नंतर यायचा. इथं हात मांडीला चिकटून होते. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरं उभी राहतात तसा उभा राहून तो म्हणाला, "दे गं मला माझी मुलगी. एवढं पाणी मावते... मावतं तुझ्या पोटात..." आणि अडकला. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. मी दर वेळी मधेच थांबवत होते. 'मावते' नाही. 'तुह्या' नाही. 'कायले' तर नाहीच. त्यानं कपाळाचा घाम पुसला, पाणी मागितलं, आणि ते मागतानाही माझ्याकडं बघून आधी "पाणी" असं नीट म्हणाला.

नंतर तो खुर्चीवर बसला. "माफी कर वं माय. माहं तोंडच खराब हाये."

या वाक्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "नाही मामा, थोडी प्रॅक्टिस लागेल."

तो संध्याकाळच्या आधीच्या गाडीनं गेला. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. गाडी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "माह्या भावाले तू बोलाले शिकवून रायली?" आई शहरात राहून बरीच नीट मराठी बोलते. त्या दिवशी ती मुद्दाम तशी बोलली नाही. मी तिला नियम समजावून सांगायला लागले, तर ती पोहे डब्यात भरायला निघून गेली.

मी तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही. आता एकाच्या आवाजावर दुसऱ्या भाषेतला आवाज चढवणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्यातला मराठी आवाज भयंकर सपाट होता, हिंदी बरा होता. हिंदीच्या फळीवर लोकही जास्त येतात, असं मी स्वतःला सांगितलं. भाषांतर मीच केलं. 'पोरगी'ला बेटी केलं, 'दे वं मले'ला लौटा दे मुझे. सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं त्यात आणखी सभ्यपणा घातला. मी ते ऐकलं, मला ते विचित्र वाटलं, तरी पाठवलं. मूळ भाषा हिंदी, ऐकू येणारी भाषा हिंदी. लगेच पास झालं. मी खुर्चीतून उठून नाचले, हे मला आठवतं.

रविवारी दुपारी आंबागडला गेले. समाजमंदिरात मोठा टीव्ही होता. मामा दाराशीच उभा होता, नवा गमछा खांद्यावर. दंडारीतली सगळी मंडळी पुढं बसली, बाया मागं भिंतीला टेकून. मी टीव्हीवर ॲप शोधून दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी "अरे बाप्पा!" केलं. खेळाच्या चित्राखाली दोन ओळी होत्या. निर्मिती, माझी फर्म. देश, भारत.

ढोलकीवाल्यानं एका पोरीकडून ते वाचून घेतलं. "आमचं गाव कुठी हाये यात?" त्यानं विचारलं.

"गावाला जागा नसते त्यात, बाबा."

"आन आमचं नाव?"

"टाकते नंतर," मी म्हणाले, आणि घाईनं खेळ सुरू केला.

सुरुवातीची ढोलकी बरोबर होती. लोक खूश होते, आपापली तोंडं ओळखत होते. मग पहिला माणूस बोलला आणि त्याच्या तोंडातून बातम्या देणाऱ्या माणसाचा आवाज आला. कुणीतरी फसकन हसलं. नंतर मामा पडद्यावर आला. लुगडं, कुंकू, पुढं केलेले हात. त्याचे ओठ हलले, आणि एक पातळ, सुरेल बाई शांतपणे म्हणाली, "कृपया मेरी बेटी मुझे लौटा दो. तुम में इतना सारा जल है."

समाजमंदिर हसलं. हसू आवरेनासं झालं. भिंतीला टेकलेल्या बायांमध्ये मामाची चुलतबहीण होती. दर मंडईत या जागी ती डोळे पुसते. तिनं त्या दिवशीही पदर तोंडाला लावला, पण हसू दाबायला. मी रिमोट शोधत होते आणि तो सापडत नव्हता. पडद्यावर ढोलकी थांबली, मामा हात पुढं करून उभा राहिला आणि त्यावरही लोक हसले, कारण आता ते थांबू शकत नव्हते.

मामाही हसत होता. लोकांबरोबर हसावं म्हणून हसत होता. टीव्ही बंद झाल्यावर तो माझ्याकडं वळला आणि अगदी साधं विचारलं, "माहा आवाज कुठी ठेवला माय?"

"आहे मामा. त्याच्याखाली आहे. काढला नाही."

"मंग वरचीले काढता येते का?"

"येतं."

"तिले सांग, तुहं काम चांगलं हाये. पन ते बाई बोडीवर गेली नसन कधी."

तो कुणालाही टोचून बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटलं होतं की मी शहरातली कुणी बाई बोलावून तिच्याकडून ते म्हणवून घेतलंय. यंत्र आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. मला ते आणखी वाईट वाटलं. मामीनं चहा आणला, मी तो उभ्यानंच प्यायले आणि निघाले. ढोलकीवाला माझ्याशी बोलला नाही. बाकीचे बोलले, आणि जास्तच गोड बोलले. ते मला लागलं.

घरी आल्यावर मी वरचा आवाज काढून टाकला, खालचा मामाचा ठेवला आणि भाषेसमोर पुन्हा मराठी केलं. नियम माहीत असून केलं, कारण त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं. यंत्रानं पकडलं. या वेळी नुसतं परत आलं नाही. एकाच व्हिडिओची भाषा वारंवार बदलून सांगितली म्हणून ॲप दुकानातून काढलं आणि माझ्या खात्यावर ताकीद बसली. त्यामुळं एका भजनमंडळीच्या ॲपचं कामही अडकून पडलं. त्यांच्या प्रमुख आजोबांना फोन करून मी माफी मागितली. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय चुकीचं केलं?" मला ते फोनवर सांगता येईना. मी म्हणाले, भाषेची थोडी गडबड झाली.

शेवटी दंडारीचं ॲप 'इतर'मध्ये टाकलं. गावाचं नाव आणि सगळ्यांची नावं व्हिडिओतच सुरुवातीला लिहिली. तिथं कुणाची परवानगी लागत नाही. मामाचा आवाज त्यात जसाच्या तसा आहे. कुठल्याही फळीवर ते दिसत नाही. पत्ता लांबलचक आहे, रिमोटनं एकेक अक्षर टाइप करावं लागतं. मी तो मामेभावाला पाठवला. त्यांच्यापैकी कुणी उघडल्याचं मला दिसलं नाही.

एवढ्यावर निभावलं असं मला वाटलं होतं. दंडार चालूच होती, माझ्या ॲपमुळं तिचं काही अडलं नव्हतं. माणसं विसरतील असं वाटलं.

नंतर तुमसरला नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मामा मंडपात पाहुण्यांना बसवत होता, जोरजोरात बोलत होता. "याले पंगतीत घ्या रे," "काहून उभे हा, बसा न," असं त्याचं चाललं होतं. मला लांबून ऐकूनच बरं वाटलं. मी जवळ गेले. त्यानं मला बघितलं, गमछा नीट केला आणि म्हणाला, "या, या. बसा. तुम्हाला पाणी आणू का?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही. माझं उत्तर येईपर्यंत वाट बघत उभा राहिला.

"मामा, असे काय बोलता?"

"काही चुकलं का माझं?" हे 'माझं' त्यानं जपून ठेवल्यासारखं म्हटलं.

मी मामीकडं बघितलं. ती ताटांवरून हात न काढता म्हणाली, "घरी बी करत राह्यते. भाची शिकलेली हाये मनते, तिच्यापुढं बरोबर बोला लागते. मी हासली त माह्यावर रागावला."

मी मामाला हाताला धरून मंडपाच्या कडेला नेलं. त्याला सांगितलं की चूक त्याची नव्हती, त्या यादीची होती, आणि यादीहून जास्त माझी होती. त्याच्या तोंडात काहीही खराब नाही. मी हे सगळं आमच्या बोलीत बोलले. कित्येक वर्षांनी बोलत होते, त्यामुळं 'मले', 'तुले' ओठांवर अवघडल्यासारखे येत होते. मलाच ते खोटे वाटत होते.

मामानं शांतपणे ऐकून घेतलं. तालुक्याच्या साहेबापुढं माणूस मान हलवतो तशी मान हलवली. मग जरा खजील होऊन, हळू आवाजात म्हणाला, "चिडवू नका हो. मी शिकतो आहे अजून."

तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो बे!" म्हणून तो ओरडला आणि पाहुण्यांत गेला. माझ्याशी तो आता असाच बोलतो. फोनवर फार बोलत नाही, चारच वाक्यं बोलतो, पण एकेक शब्द तपासून बोलतो आणि मग मामीकडं फोन देतो. मला माय म्हणत नाही, ताई म्हणतो.